सव्वा तास आणि तीन गाणी

फिनलंडमध्ये मला चेहऱ्यानं ओळखणारी सुमारे नऊशे माणसं आहेत. साताऱ्यात तेवढी नाहीत. साताऱ्यात मी सव्वीस वर्षं एकाच सरकारी कचेरीत एकाच टेबलाशी बसलो, तरी परवा नव्या शिपायानं मला 'काय काम होतं?' असं विचारलं. फिनलंडचं माझ्यावर एवढं प्रेम कसं जडलं, हे मी आजवर कोणाला धड सांगू शकलेलो नाही. सांगायला लागलो की लोक मध्येच 'तिकडं जेवणाचं काय केलंत?' असं विचारतात आणि विषय भाजणीकडे वळतो.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. माझा मुलगा पुष्कर सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. निदान घरात तशी समजूत होती. प्रत्यक्षात तो आणि त्याचे दोन मित्र, ड्रम बडवणारा ऋषिराज आणि चार तारांची जाड आवाजाची गिटार वाजवणारा कृष्णात, हे कृष्णातच्या मामाच्या हळदीच्या गोदामात रॉक बँड चालवत होते. बँडचं नाव 'पेव'. सांगलीकडे जमिनीखालच्या ज्या खड्ड्यात हळद साठवतात, ते पेव. ऋषिराजनं ड्रमवर काठी मारली की हळदीचा एक ढग छतापर्यंत जायचा. तिघंही बारा महिने आदल्या दिवशी हळद लागलेल्या नवरदेवांसारखे दिसायचे. सांगलीत त्यांचा एक कार्यक्रम झाला होता, कॉलेजच्या गॅदरिंगला. तो वीज गेल्यामुळे बंद पडला आणि वीज आल्यावर सुरू करा असं कोणी म्हणालं नाही.

अशात आइनो नावाची फिनलंडची एक बाई मिरजेला तंबोरा घ्यायला आली. कारागिरानं चार दिवसांचा वायदा केला. मिरजेत चार दिवस म्हणजे पंधरा, हे तिला ठाऊक नव्हतं. त्या पंधरा दिवसांत ती सायकलवरून हिंडत गोदामापाशी पोहोचली. तो पिवळा ढग आणि त्यातून येणारं मराठी गाणं ऐकून ती जागीच उभी राहिली. बाई आपल्या देशात उन्हाळ्यात गावोगाव जलसे भरवायची. तिनं विचारलं, तुमची गाणी किती? पुष्कर म्हणाला, पंधरा.

मार्चमध्ये पत्र आलं. जूनमध्ये पाच गावांत पाच कार्यक्रम, प्रत्येक कार्यक्रम सव्वा तासाचा, चार माणसांची तिकिटं. पुष्करनं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि त्याच श्वासात सांगितलं की तो आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला बसणार नाही. बँडच करणार.

मी आवाज चढवणारा माणूस नाही. मी वर्तमानपत्राची घडी घातली, ती पुन्हा उलगडली आणि तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपेपर्यंत गिटारला हात लावायचा नाही, असा हुकूम काढला. पोरानं तो पाळला. हुकूम पाळला गेला की पुढे काय होतं, याचा मला कचेरीत कधी अनुभव आला नव्हता. तो फिनलंडमध्ये आला.

चौथं तिकीट आवाजाची यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाचं होतं. सांगलीतला लाऊडस्पीकरवाला अर्जुना जाणार होता. पण त्याच्या जन्मतारखा तीन निघाल्या. शाळेत एक, रेशनकार्डावर दुसरी आणि त्याची आई सांगायची, 'म्हशीला रेडकू झालं त्या साली.' पासपोर्टच्या अर्जात या तिसऱ्या तारखेसाठी रकाना नव्हता. तेव्हा ऋषिराजचे वडील दादासो आमच्याकडे आले. कराडजवळ त्यांचा बारा एकर ऊस. बोलायला बसले की आधी पाणी, मग चहा, मग मुद्दा.

"आवं सुमंतराव," दादासो म्हणाले, "पोरास्नी जाऊ द्या. पर संगं जाणतं मानूस पायजे. मी गेलो आसतो, पर माजं इंग्रजी कराडच्या फुडं चालत न्हाई. तुमीच जावा."

"मला त्या यंत्रातलं काही कळत नाही," मी म्हणालो.

"अर्जुनाला तरी कुटं कळतंय? त्यो नुस्ता 'हॅलो, हॅलो' म्हनतो. तेवडं तुमी म्हना."

आमची ही, म्हणजे चारुलता, आतून म्हणाली, "जा. लग्नात मला महाबळेश्वर दाखवतो म्हणाला होतात. निदान फिनलंड कसं आहे ते येऊन सांगा." अशा रीतीनं मी ध्वनितंत्रज्ञ झालो.

यापुढचे अडीच महिने मी आणि पुष्कर रांगेत उभे होतो. मी सरकारी नोकर असल्यामुळे परदेशी जायला खात्याची परवानगी लागायची. रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं. 'मुलाच्या रॉक बँडसोबत' असं लिहिलं, तर अर्ज 'खुलासा करावा' म्हणून परत आला. 'मुलाच्या शैक्षणिक कामासाठी' असं लिहिलं, तर शिक्षणसंस्थेचं नाव मागितलं. शेवटी मोठ्या साहेबांनी खासगीत सुचवलं, तसं मी 'कौटुंबिक अडचण' असं लिहिलं आणि अर्ज मंजूर झाला. मला ते खोटं वाटलं नाही. माझ्या वर्तणुकीची चौकशी करायला हवालदार आले, ते शेजारच्या सयाजीरावांकडे गेले. सयाजीराव लष्करातले निवृत्त सुभेदार. त्यांनी सांगितलं, "मानूस एकदम सरळ. हातून कायबी होनार न्हाई." शेऱ्यात तेच उतरलं.

याच सयाजीरावांनी मला आपला लडाखातला ओव्हरकोट आणून दिला. "फिनलंड म्हंजे बरफ. थंडीपुडं हिरोगिरी करायची न्हाई. कोट घालायचा, आर्डर हाय." कोटाचं वजन नऊ किलो होतं. मी तो सातारा स्टँडवर घातला आणि हेलसिंकीच्या विमानतळावर उतरलो तेव्हा तिकडे लोक चड्डीवर आइस्क्रीम खात होते. पण बॅगेत भाजणी, मेतकूट आणि ऋषिराजच्या आईनं दिलेली दोन किलो कांदालसूण चटणी असल्यामुळे कोट ठेवायला जागा नव्हती. तो अंगावरच राहिला. पुढे तो काढणं माझ्या हातात उरलं नाही, ते येईलच.

पहिला कार्यक्रम एका तळ्याकाठच्या हिरवळीवर होता, दुपारी चार वाजता. तिकडे जूनमध्ये सूर्य मावळण्याचं नाव घेत नाही. त्यामुळे माझ्या संकष्टीचे अतोनात हाल झाले. शेवटी मी साताऱ्याचा चंद्रोदय धरून उपास सोडला. असो. अडीच वाजता आइनो माझ्याकडे आली आणि ध्वनितंत्रज्ञ या नात्यानं माझ्याकडे गाण्यांची यादी मागितली. मी पुष्करकडे कागद दिला. त्यानं तीन नावं लिहून परत केला.

"उरलेली?" मी विचारलं.

"एवढीच आहेत, बाबा."

"पत्रात सव्वा तास आहे. एक गाणं केवढं?"

"पाच मिनिटं."

मी पाच त्रिक पंधरा असा हिशोब दोनदा केला. दोन्ही वेळा तेवढाच आला. पुष्कर म्हणाला, "जूनपर्यंत पंधरा होतील असं वाटलं होतं." मग वेळ कुठं गेला, हे मी विचारलं नाही. एप्रिल-मे परीक्षेत गेले होते आणि उरलेले दिवस रांगांत. दोन्ही ठिकाणी मीच त्याला उभं केलं होतं. पोराचे ओठ कोरडे पडले होते. लहानपणी पाढे म्हणायला उभा राहायचा तेव्हा पडायचे, तसेच.  सातासमुद्रापार माझ्या मुलाची शोभा होणार होती आणि मी कोट घालून ती बघायला आलो होतो.

आता इथं मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगणं भाग आहे. मी मूळचा सांगलीचा. सांगलीच्या माणसाला नाटक म्हटलं की दुसरं काही सुचत नाही. तरुणपणी मी तिथल्या एका हौशी संगीत नाटक मंडळीत दहा वर्षं होतो. मला गाता येत नसे, अभिनय येत नसे आणि पाठांतर राहत नसे. तरी मंडळींनी मला सोडलं नाही, कारण मी तिसऱ्या रांगेत बसून पहिला वन्स मोअर द्यायचो. पद संपलं की प्रेक्षकांतून वन्स मोअर येतो आणि नट तेच पद तिथल्या तिथं पुन्हा म्हणतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पहिला वन्स मोअर कुणाला तरी द्यावा लागतो, हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. तबलजी समेवर यायच्या अर्धी मात्रा आधी द्यावा लागतो. उशीर झाला तर ती नुसती शिफारस होते. वन्स मोअर मिळाला की नटानं तो घ्यायचा, हा सांगलीचा शिरस्ता. मग मागे राजवाडा पेटलेला का असेना.

चार वाजता तीनशे माणसं हिरवळीवर बसली. पेवनं पहिलं गाणं वाजवलं. ते संपत आलं. समोरची माणसं टाळ्यांसाठी हात गुडघ्यावरून उचलू लागली. फिनलंडचे लोक टाळ्याही मोजून वाजवतात. आणि मी, कुठून आलं ठाऊक नाही, यंत्रांच्या टेबलावरून उठून, ऋषिराजच्या झांजेच्या अर्धी मात्रा आधी, सांगलीच्या नाट्यगृहाच्या बाल्कनीपर्यंत पोहोचायचा त्या आवाजात ओरडलो, "वन्स मोअर!"

तीनशे माणसं वळली. त्यांना लष्करी ओव्हरकोट घातलेला एक मनुष्य हात वर करून उभा असलेला दिसला. मी कोणीतरी अधिकारी आहे, असं त्यांना वाटलं असावं. पुष्करनं डोळे मिटून घेतले. पण कृष्णात सांगलीत वाढलेला आणि ऋषिराजही तिथंच मुरलेला. वन्स मोअर मिळाला म्हणजे घ्यायचा, हे त्यांच्या रक्तात. ऋषिराजनं काठ्या आपटल्या आणि तेच गाणं पहिल्यापासून सुरू झालं. संपलं, मी पुन्हा ओरडलो. तिसऱ्या वेळी माझ्यापाठोपाठ एक म्हातारा ओरडला. चौथ्या वेळी पोरंसोरं ओरडली. त्या बिचाऱ्यांना एवढ्या आयुष्यात कोणी सांगितलंच नव्हतं की नुसतं ओरडलं की आवडलेलं गाणं तिथल्या तिथं परत मिळतं. तीन गाणी प्रत्येकी पाच वेळा झाली. सव्वा तासाला मिनिटभरही कमी पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिकडच्या वर्तमानपत्रात अर्धं पान आलं. आइनोनं वाचून दाखवलं. हा पहिलाच बँड आहे, जो ऐकणाऱ्याचं मन भरेपर्यंत गाणं सोडत नाही. भारताच्या या खोल परंपरेत एक वडीलधारा कोट घालून गाण्याला पुन्हा जन्म घेण्याची आज्ञा देतो. फोटो माझा होता. पुष्करचा अर्धा कान त्यात आला होता.

दुसऱ्या गावात पाचशे माणसं आली. तिसऱ्या गावात पहिल्या गावातली माणसं मोटारी करून आली. काही जण ऐन उन्हात कोट घालून आले होते. कोट काढू का, असं मी विचारलं तर आइनो घाबरली. रेडिओवर माझा आवाज लागला. एका बाईनं तान्ह्या मुलाला माझ्यापुढे धरलं. मी अक्षता नसल्यामुळे नुसता हात ठेवला. कृष्णात म्हणायचा, "काका, तुमी लय भारी. आमी नुस्ती साथीला हाय." मी त्याला दटावलं, पण अगदी लगेच नाही.

खरं सांगायचं तर मी चढलो होतो. कचेरीत इतक्या वर्षांत माझ्या एकाही टिपणीवर कोणी 'वाहवा' लिहिलं नव्हतं. मी सकाळी मिठाच्या गुळण्या करू लागलो. दुसऱ्या गाण्यात शेवटी पुष्करची गिटार फार लांबते आणि त्यामुळे माझी जागा चुकते, तेव्हा ती थोडी आटपती घ्यावी, असं मी त्याला चौथ्या गावात सुचवलं.  त्यानं आटपती घेतली.

शेवटच्या कार्यक्रमाच्या सकाळी आम्ही दोघं एका शाळेच्या वर्गात भाजणीचं थालीपीठ खात होतो. पुष्कर म्हणाला, "बाबा, आज चौथं गाणं वाजवायचंय. इथं आल्यावर केलंय."

"कशाला?" मी म्हणालो. "आहेत ती तीन चाललीत की."

"लोक गाणी ऐकत नाहीत. तुमच्या मागून ओरडायला येतात." त्यानं ताट बाजूला सारलं. "तुम्ही एवढे वन्स मोअर दिलेत. त्यातला एखादा तरी मनापासून होता का?"

"त्यात मनाचा काय संबंध? ते काम आहे," मी म्हणालो. बोलून गेल्यावर मला ते ऐकू आलं.

"मग ऐका," तो म्हणाला. "आज चौथं नीट वाजलं नाही, तर घरी गेल्यावर मी गिटार देऊन टाकतो आणि गुपचूप शेवटच्या वर्षाला बसतो. तुमच्या मनासारखं."

मार्चपासून मी देवापाशी नेमकं हेच मागत होतो. त्यासाठी आता मला काहीएक करायचं नव्हतं. रोजच्यासारखं ओरडत राहायचं होतं. तिथला नियम असा की सहाच्या ठोक्याला लाऊडस्पीकर बंद. तिसरं गाणं सहापर्यंत ओढलं, की चौथं आपोआप राहणार होतं आणि माझा मुलगा इंजिनिअर होणार होता. मी उरलेलं थालीपीठ खाल्लं. 

नऊशे माणसं आली होती. सुरुवात सव्वाचारला झाली. पहिली दोन गाणी रीतसर पाच-पाच वेळा झाली. तिसरं सुरू झालं. त्याच्या दुसऱ्या फेरीनंतर मी ओरडायचं थांबलो. टेबलावर हात ठेवून गप्प उभा राहिलो. कोणाच्या लक्षातही आलं नाही. नऊशे माणसं आपापली ओरडत होती, तीही बरोबर अर्धी मात्रा आधी. चार गावांत मी त्यांना एवढं तयार केलं होतं की आता माझी गरज उरली नव्हती. अपमान गिळत मी घड्याळ बघितलं. तिसरी फेरी झाली, पाचवी झाली, सातवी झाली. शिरस्ता मोडणं त्या तिघांना जमणारं नव्हतं. सहाला पंधरा मिनिटं उरली. पुष्करनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. ओठ कोरडे.

मी कोट सावरत स्टेजवर चढलो. असा गजर झाला की मला क्षणभर वाटलं, राहू दे. मग मी पुष्करच्या पुढ्यातला माइक ओढला आणि मला येतं त्या इंग्रजीत, कचेरीत दुपारी दोननंतर खिडकीवर आलेल्या माणसाला सांगतो तसं सांगितलं, "वन्स मोअर क्लोज्ड. नो वन्स मोअर. प्लीज सिट डाउन."

नऊशेच्या नऊशे माणसं खाली बसली. सांगितलेलं ऐकणारा समाज मी प्रथमच पाहिला. मला भरून आलं.

चौथं गाणं संथ होतं. ऋषिराजनं काठ्या ठेवून नुसत्या बोटांनी वाजवलं. गाणं कराडच्या एसटी स्टँडवरचं होतं. सांगलीहून आलेला मुलगा आणि साताऱ्याहून त्याला न्यायला आलेला बाप एका बाकावर बसलेत. मुलाला काही सांगायचंय, बापाला काही विचारायचंय. आणि सगळं गाणंभर ते दोघं एकमेकांशी फक्त गाडी किती उशिरा आहे, एवढंच बोलतात. शेवटी गाडी येते. समोरच्या नऊशे माणसांना यातला एकही शब्द कळत नव्हता. ऐकणाऱ्यांत कळणारा मी एकटाच होतो. मी पुढच्या बाजूला स्टेजच्या पायरीशी उभा होतो. 

गाणं संपलं. टाळी नाही, काही नाही. नऊशे माणसं माझ्याकडे बघत होती, परवानगी मिळते का म्हणून. शब्द माझ्या जिभेवर आलेला होता. सांगलीतली दहा वर्षं आणि फिनलंडमधले पाच दिवस धरून पहिल्यांदा तो आपण होऊन आला होता. पण मी तो दिला असता, तर पुष्करला वाटलं असतं, बाबांनी काम केलं. माझा वन्स मोअर कसा असतो हे त्या मैदानात त्याला एकट्यालाच माहीत होतं. मी दात आवळून उभा राहिलो. मग मागे कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि त्या खूप वेळ चालल्या. सहा वाजले. लाऊडस्पीकर बंद झाला.

परतीची रेल्वे पकडायला स्टेशनकडे निघालो तेव्हा आम्ही आइनोच्या मोटारीत मागे बसलो होतो. बाहेर लख्ख ऊन होतं. कृष्णात चटणीच्या रिकाम्या डब्यावर डोकं टेकून झोपला होता.  मी म्हणालो, हेलसिंकीची गाडी वेळेवर आहे म्हणतात. पुष्कर म्हणाला, हो, असं ऐकलं. आणखी थोडा वेळ गेला.

"बाबा," तो म्हणाला, "चौथं कसं झालं?"

"परत म्हण," मी म्हणालो.

"इथं? गिटार मागं बांधलीय."

"नुसतं म्हण."

त्यानं म्हटलं, हळू आवाजात, खिडकीकडे बघत. संपल्यावर मी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणालो, "परत."

या वेळी त्यानं वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग काही न विचारता पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.